चवळीचा आठवा दिवस

दारात पाहुणा आला की आमचे घरमालक खरात सर त्याला लगेच "या" म्हणत नाहीत. कपाळावरचा चष्मा खाली ओढतात आणि दोन मिनिटं त्याच्याकडं बघतात. पायापासून सुरुवात करतात, हळूहळू डोक्यापर्यंत जातात. मग आत वळून काकूंना सांगतात, "नॉर्मल हाय. चहा टाक."

अ‍ॅबनॉर्मल असला तर नुसतं पाणी. एकदा काकूंच्या सख्ख्या भावाला नुसतं पाणी मिळालं होतं. ते काकू अजून विसरलेल्या नाहीत आणि भाऊ तर नाहीच नाही.

सर नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये होते. चौतीस वर्षं एकच काम. आलेल्या प्रत्येक पोत्यातून नमुन्याच्या बिया घ्यायच्या, शंभर मोजून ओल्या कागदावर मांडायच्या, कागद गुंडाळून कपाटात उभा करायचा आणि दिवस मोजत बसायचं. प्रत्येक पिकाचा मोजणीचा दिवस ठरलेला. मक्याचा सातवा, चवळीचा आठवा, मेथीचा चौदावा. त्या दिवशी गुंडाळी उघडून कोंब एकेक उचलायचा आणि चार ढीग करायचे. मूळ, खोड, पान जागच्या जागी असलं तर नॉर्मल. वाकडंतिकडं असलं तर अ‍ॅबनॉर्मल. कुजलेलं ते डेड. आणि चौथा ढीग हार्डचा. हार्ड म्हणजे बी जिवंत असतं, पण त्याचं कवच इतकं कडक की पाणी आत शिरत नाही. पहिल्या दिवशी होतं तसंच्या तसं बसून राहतं. चारही ढिगांचे आकडे लिहायचे आणि चारही ढीग बादलीत टाकायचे.

असं चौतीस वर्षं. लाखो बिया सरांच्या हातून उगवल्या असतील, पण त्यांनी लावलेलं एकही रोप वीतभर उंच झालं नव्हतं.

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, लाखांदूरकडचे. आमचे हे लोखंडी सळयांचा ट्रेलर चालवतात, म्हणून जालन्याला येणं झालं. मी साड्यांना फॉल-पिको करते. त्याआधी दोन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या. पहिल्या मालकाला भाच्यासाठी खोली हवी होती, दुसऱ्याला माझ्या मशीनचा आवाज नको होता. "रूम खाली करा" हे तीन शब्द मला इतके पाठ झाले होते की कुणी नुसतं "रूम" म्हटलं तरी मी भांडी मोजायला लागायची.

सरांनी आमच्या ह्यांच्याकडं दोन मिनिटं बघितलं आणि मान हलवली. माझ्याकडं मात्र बघतच राहिले. मग आत गेले. आतून आवाज आला, "माणूस नॉर्मल हाय. बाईची रिपीट घ्यावी लागंल."

काकूंनी मला अर्धा कप चहा दिला.

पुढं काकूंनीच समजावून सांगितलं, निकाल नीट लागला नाही तर लॅबमध्ये तोच नमुना परत लावतात, त्याला रिपीट म्हणतात. "मनाला लावून घेऊ नकु. माझी बी घेतल्ती. लग्नानंतर." खोली मिळाली, पण मी रिपीटमध्ये आहे हे डोक्यातून गेलं नाही. मी रोज जिना झाडायची. दुपारी दोन ते चार मशीन बंद. भिंतीला एक खिळा ठोकला नाही, कॅलेंडर खिडकीच्या कडीला अडकवलं.

सर निवृत्त झाले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी बाग करायचं ठरवलं. घराच्या मागं दहा बाय पंधराची जागा होती, तिला पत्र्याचं दार. बांधकामाचे विटांचे तुकडे पडलेले. माझी खिडकी बरोबर तिच्यावर उघडते, त्यामुळं पुढचं सगळं मी मशीनवर बसून पाहिलेलं आहे.

माती आष्टीहून आली, सरांच्या चुलत भावानं पिकअपमध्ये भरून पाठवली. ती उतरली तेव्हा सर तिच्याकडं पाहुण्याकडं बघतात तसं बघत उभे राहिले. मला म्हणाले, "प्रमिला, आमच्या घरी माती होती ती भिंतीला. खाली होती ती सगळी दुसऱ्याची." त्यांचे वडील लोकांच्या रानात मजुरीला जायचे. पण पोराला बांधावर येऊ दिलं नाही. सहाव्या वर्षी वसतिगृहात नेऊन बसवलं आणि सांगितलं, पुस्तकाला हात लाव, औताला लावू नको. त्यामुळं सरांनी रान पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून.

ही माती सरांनी काकूंच्या पिठाच्या चाळणीनं चाळली. मग वाळू आणली आणि ती कुकरमध्ये घातली.

"वाळूला शिट्ट्या?" काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. "कितीक काढू?"

"शिट्ट्या न्हाई. पंधरा मिनिटं प्रेशर. वाळूतले जंतू मरतात. लॅबचा नियम हाय."

"मंग आज वरण नका मागू. वाळूच वाढते, बिलकुल जंतू न्हाईत."

पहिलं पीक मेथी. सरांनी शंभर दाणे मोजले, दहा ओळी आखल्या आणि चिमट्यानं एकेक दाणा ठेवला. पाणी घालायला नातवाच्या औषधाची पिचकारी. शेवटी एक पाटी खोचली. पीक, पेरणीची तारीख, मोजणीची तारीख. एका कोपऱ्यात मात्र काहीच लावलं नाही. त्याला सुतळी बांधून पाटीवर लिहिलं, "राखीव." कशासाठी राखीव, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

मेथी छान उगवली. सर दिवसातून नऊ वेळा तिच्याजवळ जाऊन बसायचे. काकूंनी मला सांगितलं, "शंभर काड्यांची भाजी म्हणजे घास घास यील. पण घरची."

चौदाव्या दिवशी सकाळी सरांनी वाफ्याजवळ पेपर अंथरला, चिमटा काढला आणि रोपं उपटली, न उगवलेले दाणे उकरले, शंभरची शंभर. घाई नाही, गडबड नाही. चार ढीग केले. वहीत आकडे लिहिले. चारही ढीग बादलीत टाकले. हात धुऊन उभे राहिले आणि खिडकीत मी दिसले तशी म्हणाले, "प्रमिला, ब्याण्णव टक्के. एक नंबर मेथी हाय."

"हो जी सर," मी म्हणाले. रिपीटमधल्या बाईनं दुसरं काय म्हणायचं.

काकू ताट घेऊन भाजी खुडायला आल्या. त्यांनी वाफ्याकडं बघितलं. "मेथी कुठंय?"

सरांनीही वाफ्याकडं बघितलं. मग बादलीकडं. बराच वेळ ते बादलीकडंच बघत होते.

"मोजली," ते म्हणाले.

त्या दिवशी सर जेवले. पण वरण दोनदा मागायचे, ते एकदाच मागितलं.

पंधरा दिवसांनी ते जिना चढून वर आले. हातात पत्र्याच्या दाराची चावी होती.

"चवळी लावली हाय. शंभर. सातव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत मला आत सोडायचं न्हाई. पाणी तू घालायचं."

"मी जी? काकू आहेत ना."

"काकूसंग मला भांडता येतं. भांडून मी चावी घेईन. तुझ्यासंग भांडता यायचं न्हाई, तू हर गोष्टीला हो म्हणती."

"आणि तुम्ही मागितली तर?"

"द्यायची न्हाई."

"रागावले तर जी?"

"रागावणार. बराबर रागावणार. तरी द्यायची न्हाई. माझ्या हाताला चौतीस वर्षांची सवय हाय, तो माझं ऐकत न्हाई."

मी चावी मशीनच्या खणात रिळांखाली ठेवली. सहा दिवस मला जेवण गेलं नाही. मालकानंच सांगितलं मालकाला नाही म्हण. नाही म्हटलं तरी राग, हो म्हटलं तरी राग.

सातव्या दिवशी सकाळी सर आले. "चष्मा राह्यलाय आत."

"कपाळावर हाय जी सर."

गेले. अर्ध्या तासानं परत. "मुंग्या लागल्या असतील."

"नाही लागल्या जी. आत्ताच पाणी घालून आले."

दुपारी दाराखालून एक कागद आत आला. सरांच्या अक्षरात अर्ज होता. विषय: बागेत प्रवेश मिळणेबाबत. खाली "उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की" वगैरे. मी आठवीपर्यंत शिकलेली. नववीची शाळा नदीपलीकडं होती आणि नदीपलीकडं मुलीला कोण पाठवणार. मला आयुष्यात कुणी अर्ज केला नव्हता. कागद घेऊन काकूंकडं गेले.

"त्याच्यावर नामंजूर लिही," काकू लसूण सोलत म्हणाल्या. "तेवढंच समजतं त्यांना."

मी लिहिलं. पेन्सिलनं लिहिलं, म्हणजे वेळ आलीच तर खोडता येईल.

आठव्या दिवशी नऊ वाजता सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशाला पेन, हातात चिमटा. लॅबला जायचे तसेच.

"प्रमिला, चावी."

"नाही जी सर."

"मी सांगितलं ते मी बदलू राह्यलो."

"तुम्ही म्हणला होता की तुम्ही असंच म्हणाल."

"हे घर कुणाचं हाय?"

"तुमचं जी."

"बाग?"

"तुमची जी."

"मंग चावी कुणाची?"

"तुमची जी. पण माझ्याजवळ हाय."

सर थोडा वेळ चिमट्याची टोकं उघडमिट करत उभे राहिले. मग म्हणाले, "मंग रूम खाली करावी लागंल."

मशीनची सुई साडीत तशीच थांबली. खण माझ्या हाताशी होता. उघडायचा, रिळं बाजूला करायची, एवढंच. पण खिडकीतून चवळी दिसत होती. दहा ओळी, प्रत्येकीत दहा. दोन-दोन पानं उघडून शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी. आठवीनंतर मला अशाच एका ओळीतून काढून घरी बसवलं, तेव्हा मधे कुणी उभं राहिलं नव्हतं.

"हो जी," मी म्हणाले. "करते खाली."

सर गेले. मी भांडी मोजली आणि पोत्यात भरली. कॅलेंडर कडीवरून काढलं. ह्यांना फोन लावला, ते हैदराबादच्या रस्त्याला होते. सगळं ऐकून म्हणाले, "अगं देऊन टाकायची होती ना चावी."

"शंभर होती हो."

"काय शंभर?"

मी फोन ठेवला आणि पोत्याचं तोंड बांधलं.

दुसऱ्या दिवशी सर बनियनवरच वर आले. शर्टही नाही, चिमटाही नाही. दाराशी बांधलेलं पोतं बघून म्हणाले, "गावाला चालली?"

"रूम खाली करायची ना जी."

"कोण म्हणलं?"

"तुम्ही. काल."

सर जिन्याच्या पायरीवर बसले. चष्मा काढून बनियनला पुसला, घातला, परत काढला. "काल आठवा दिवस व्हता," ते म्हणाले. "आठव्या दिवशीचं धरायचं न्हाई." मग पोत्याकडं बघून, "चावी दिली न्हाई तू."

"नाही जी."

"रूम जाती तरी?"

सरांनी चष्मा लावला आणि माझ्याकडं बघायला सुरुवात केली. पायापासून. मी श्वास धरून उभी. डोक्यापर्यंत आले, उठले आणि कठड्याला धरून खाली गेले. खालून आवाज आला, "नॉर्मल हाय. चहा टाक."

"ते मला अकरा महिन्यांपासून ठावं हाय," काकूंचा आवाज.

कप भरून बशीत सांडला होता. मी चहा प्यायले आणि पोतं सोडलं.

अकराव्या दिवशी मी दार उघडून दिलं. सर वाफ्याजवळ जाऊन हात मागं बांधून उभे राहिले. चवळी नऊ इंच झाली होती. चवळीचं याच्यापुढं काय होतं हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. दोनच दिवसांनी त्यांनी मला घाईनं खाली बोलावलं. चेहरा उतरलेला.

"भेसळ निघाली."

"कशात जी?"

"बियाण्यात. हे बघ. खाली दोन साधी पानं आणि वर हे तीन-तीनचं. एका झाडाला दोन जातीची पानं असतात का? मी तक्रार लिहू राह्यलो कंपनीला."

मला वाटलं सर गंमत करतात. ते गंमत करत नव्हते, तक्रारीचे दोन परिच्छेद लिहून झाले होते.

"सर, चवळीची पहिली दोन पानं तशीच असतात जी. मग पुढं तीन-तीनचीच येतात. खरी पानं तीच."

"हे कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही जी. असंच असतं. आमच्या आईच्या धानाच्या बांधीवर लावतो आम्ही."

"मंग आम्ही लॅबमध्ये पाहिलं ते काय?"

"ती सुरुवात होती जी."

सरांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात ठेवला. वही उघडली आणि मी बघत असताना तिच्यात लिहिलं: "चवळी, आठव्या दिवसानंतर. प्रमिलाला विचारणे." शाळा सुटल्यापासून माझं बोलणं कुणी वहीत लिहून घेतलं नव्हतं. मी वर जाऊन दोन साड्यांचे फॉल उलटे लावले.

पुढं भांडण झालं ते वेगळंच. मी सांगितलं, रोपं दाट झालीत, अर्धी उपटा, म्हणजे उरलेल्यांना शेंगा धरतील.

"उपटू?" सर माझ्याकडं बघत राहिले. "तू सांगू राह्यली मला, उपटा म्हणून?"

"आता उपटायचीच असतात जी."

त्यांनी चावी माझ्याकडून काढून घेतली आणि काकूंकडं दिली. मला पाच दिवस बागेत बंदी. एकही रोप उपटू दिलं नाही. त्यामुळं वेल एकमेकांच्या गळ्यात पडले आणि शंभर रोपांना मिळून एका ताटाला पुरतील एवढ्याच शेंगा आल्या. काकूंनी त्यांची कूट घालून भाजी केली आणि मला खाली जेवायला बसवलं. सरांनी पहिला घास घेतला. चावला. आम्ही दोघी बघत होतो.

"मीठ कमी हाय," सर म्हणाले, आणि भाजी तीनदा घेतली.

जेवण झाल्यावर ते आतल्या खोलीत गेले आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आले. आत खाकी कागदाच्या छोट्या पुड्या. प्रत्येक पुडीवर तारीख, पिकाचं नाव आणि खाली एकच शब्द: हार्ड. चवळी, मूग, गवार, भेंडी. काही पुड्यांचा कागद तपकिरी होऊन फुटायला आलेला.

"नियम बादलीचा हाय," सर म्हणाले. डब्याकडं बघत म्हणाले, आमच्याकडं नाही. "मेलेलं टाकलं. वाकडं टाकलं. चांगलं बी टाकलं, त्याला इलाज नव्हता. पण हे जित्तं हाय, पाणी आत शिरलं न्हाई एवढंच. त्याला बादलीत कसं टाकू. मी खिशात घालून आणायचो."

"कंपनीला माहीत होतं जी?"

"न्हाई. चौतीस वर्षांत तेवढी एक चोरी."

"मला माहीत व्हतं," काकू म्हणाल्या. "प्यांट धुवायला काढली की खिशात दोन-चार दाणे. आधी वाटायचं, हे हाफिसात चिवडा खातात. मंग एक दिवस डबा सापडला. मी काही बोलले न्हाई. हे बी काही बोलले न्हाईत."

तेव्हा मला सुतळी बांधलेला कोपरा कळला. मेथी आणि चवळी ही सगळी तयारी होती. सर या डब्यासाठी हात सुधरवत होते, आणि हात सुधरला की नाही याची त्यांना खात्री नव्हती.

त्यांनी डबा माझ्यासमोर सरकवला. "तू लाव. माझ्या हातनं लावलं आन माझ्याच हातनं उपटलं गेलं तर…"

"मला जमंल का जी? मी तर आठवी."

"तुला नामंजूर लिहिता येतं," सर म्हणाले. "जमंल."

आमची आई असे कडक दाणे खरबरीत दगडावर जरा घासून कोमट पाण्यात ठेवते. मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुतळी सोडली आणि हातानंच लावले, ओळी न आखता. सर पत्र्याच्या दाराबाहेर उभे होते. मी म्हटलं, आत या. ते म्हणाले, मी इथंच बराबर हाय.

मग त्यांनी दाराबाहेरूनच पाटी लिहायला घेतली. पीक: मिश्र. पेरणीची तारीख लिहिली. पेन पुढच्या ओळीवर थांबलं.

"मोजणी कोणता दिवस टाकू?"

"काहीच नका टाकू जी."

चौतीस वर्षांत सरांनी तो रकाना कधी कोरा सोडला नसेल. त्यांनी पाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा पाटीकडं. मग पेनाला टोपण लावलं आणि पाटी दारावरून माझ्या हातात दिली.

काही दाणे पहिल्याच आठवड्यात वर आले. काही महिन्यानं आले, आम्ही विसरल्यावर. चवळीचा एक वेल आता माझ्या खिडकीपर्यंत आला आहे, त्याचं पान कडीवरच्या कॅलेंडरला लागतं. सर रोज सकाळी हात मागं बांधून त्या कोपऱ्यात जातात, प्रत्येक रोपाजवळ दोन मिनिटं थांबतात, आणि वर बघून मला विचारतात, "हे बराबर चाललंय ना?" मी म्हणते, हो जी सर.

एकूण किती उगवले ते मला सांगता येणार नाही. आम्ही मोजले नाहीत.